न दिसणे म्हणजे नसणे का?

रेडिओ हे कानाचे यंत्र, अशी आपली आजवरची समजूत. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर आठवत असेलच. सुरतेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत मुंबई केंद्राच्या मराठी बातम्या ऐकणे ही एक कसरत असे. रेल्वेने सुरत ते मुंबई अंतर सुमारे २६३ किलोमीटर. मध्यम लहरी तेवढा पल्ला गाठत, पण पोहोचेपर्यंत दमून गेलेल्या असत. मग कोणी काटा केसभर पुढे, केसभर मागे करी, कोणी ट्रान्झिस्टर खिडकीशी नेई, आणि खरखरीच्या आतून एक ओळखीचा आवाज वर येई. 'लागले!' असे कोणीतरी म्हणे. स्टेशन तिथे आहेच, हे सर्वांनी आधी धरून ठेवलेले असे. ते सापडत नसेल तर दोष काट्याचा, सेलचा किंवा आपल्या हाताचा.

आता रेडिओ डोळ्यांनी बघण्याची सोय झाली आहे. संगणकावर दूरदर्शन दिसावे म्हणून बनवलेले, पेन ड्राइव्हएवढे एक स्वस्त यंत्र बाजारात होते. त्यातली रिअलटेक कंपनीची चिप अँटेनाकडून आलेल्या लहरींचे कच्चे आकडे जसेच्या तसे संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि घरोघरच्या प्रयोगांना नवे दार उघडले. अशा रेडिओत काटा, चकत्या, तबकडी काहीच नसते. यंत्र सेकंदाला सुमारे २४ लाख नमुने घेते आणि बाकीचे काम संगणकातला प्रोग्रॅम करतो. म्हणून याला सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ म्हणतात.

या रेडिओच्या पडद्यावर दोन चित्रे असतात. वरच्या चित्रात डावीकडून उजवीकडे वारंवारता आणि खालून वर लहरीचा जोर. एफ.एम. केंद्रे तिथे टेकड्यांसारखी उभी दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशी गवतासारखी सतत थरथरणारी खरखर. खालच्या चित्राला वॉटरफॉल, म्हणजे धबधबा म्हणतात. त्यात प्रत्येक क्षणाची एक आडवी रेघ उमटते आणि खाली सरकत जाते; जोर रंगाने कळतो. क्षीण असेल तर गडद निळा, बलवान असेल तर पिवळा किंवा लाल. वर 'आत्ता' दिसतो आणि खाली 'मघाशी'. एखादे केंद्र सतत चालू असेल तर त्याची उभी पट्टी दिसते. कोणी क्षणभर बोलून गप्प झाला तर एक छोटासा तुकडा खाली वाहत जातो. फ्रेंच गणिती फूरिए यांनी दोन शतकांपूर्वी मांडलेले गणित आणि १९६५ साली कूली व टुकी यांनी प्रसिद्ध केलेली ते झटपट करण्याची रीत, या दोहोंमुळे हे चित्र सेकंदातून अनेक वेळा नव्याने काढता येते.

आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात दहावीतल्या एका मुलाने हा रेडिओ मांडला होता. गर्दी चांगली जमली. एका रिकाम्या निळ्या पट्ट्यावर बोट ठेवून तो पाहुण्यांना सांगत होता, ''इथे काहीच नाही.'' मी विचारले, ''नाही हे कशावरून?'' तो म्हणाला, ''सर, असते तर दिसले असते ना!''

त्या मुलाने नकळत भारतीय तत्त्वज्ञानातला एक जुना वाद उकरून काढला होता. एखादी वस्तू 'आहे' हे आपल्याला डोळ्यांनी कळते. पण ती 'नाही' हे कशाने कळते? जमिनीवर घट नाही, हे मी जाणतो ते कसे? नसलेली वस्तू तर डोळ्यांना भिडत नाही. नैयायिक म्हणतात, हा अभावही प्रत्यक्षानेच कळतो. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी मात्र त्यासाठी एक स्वतंत्र प्रमाण मानले. त्याचे नाव अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती यांच्या पंक्तीत हे सहावे.

या प्रमाणाला त्यांनी एक अट घातली, आणि मला त्या अटीतच सगळे मर्म दिसते. धर्मराज अध्वरीन्द्रांच्या 'वेदान्तपरिभाषा' या ग्रंथात तिची चर्चा आहे. कोणतेही न आढळणे चालत नाही. ते 'योग्य' न आढळणे असावे लागते. घट तिथे असता तर मला तो नक्की दिसला असता, अशी परिस्थिती असेल तरच त्याचे न दिसणे हा त्याच्या नसण्याचा पुरावा. भरपूर उजेडात घट दिसला नाही तर 'नाही' म्हणावे. अंधारात दिसला नाही तर गप्प बसावे. त्या मुलाचे वाक्य अगदी शास्त्रोक्त होते. प्रश्न एवढाच उरतो, की उजेड होता का?

रेडिओच्या या पडद्यावर अंधार किती प्रकारचा असतो, ते पाहण्यासारखे आहे.

पहिला अंधार खिडकीचा. एफ.एम.चा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे २० मेगाहर्ट्झ रुंद. आपले यंत्र एका वेळी दाखवते सुमारे २.४. म्हणजे आठवा हिस्सा. पडदा मात्र काठोकाठ भरलेला असतो, त्यामुळे सगळा मुलूख पाहिल्याचे समाधान वाटते.

दुसरा रंगाचा. कोणत्या जोरापासून रंग बदलू लागावा, हे पाहणारा ठरवतो. कळ थोडी वर सरकवली की चित्र स्वच्छ, देखणे होते, कारण सर्व क्षीण रेषा निळ्यात बुडून जातात. त्या आकाशात आहेतच. पाहणाऱ्याच्या स्वच्छतेच्या आवडीने त्यांना पुसले आहे.

तिसरा अंधार बलवान शेजाऱ्याचा. या स्वस्त यंत्राला जोर मोजण्यासाठी २५६ पायऱ्याच असतात. जवळचे मोठे केंद्र धो धो बोलत असेल तर यंत्राची ग्रहणशक्ती त्याच्या बेताने कमी करावी लागते, आणि मग दूरचा बारीक आवाज पहिल्या पायरीपर्यंतसुद्धा चढत नाही.

चौथा आपल्याच घरचा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, मोटारींना वेग देणारी यंत्रे या सगळ्यांतून रेडिओ लहरींचा कचरा बाहेर पडतो. उधना किंवा लिंबायतसारख्या यंत्रमागांच्या आणि दाट वस्तीच्या भागात मध्यम लहरींचा पट्टा पाहिला तर पायथ्याचे ते गवत गुडघाभर वाढलेले दिसते. पाहुणा दारात उभा असतो, पण घरातल्या गोंगाटात त्याची कडी ऐकू येत नाही.

पाचवा अंधार घाईचा, आणि तो मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. या चित्राचे गणित असे आहे, की तुम्ही जितका कमी वेळ ऐकाल तितके चित्र जाडेभरडे येईल. दोन हजारांश सेकंदाहून कमी वेळाच्या ४०९६ नमुन्यांवरून चित्र काढले तर पावणेसहाशे हर्ट्झ रुंदीचे ठोकळे दिसतात. एका हर्ट्झचा फरक ओळखायचा असेल तर पूर्ण एक सेकंद थांबावेच लागते. कितीही महागडे यंत्र आणा, यातून सुटका नाही. हा निसर्गाचाच हिशेब आहे. त्याची दुसरी बाजू अधिक सुंदर आहे. ठोकळे बारीक केले की खरखर त्यांच्यात वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. पण स्थिर सूर एकाच ठोकळ्यात असल्याने जसाच्या तसा राहतो. शंभर चित्रांची सरासरी घेतली तर खरखरीची थरथर दहाव्या हिश्शावर येते. म्हणजे जो थांबतो त्याच्यासाठी गवत खाली बसते, आणि त्यात इतका वेळ दडलेली बारीक रेषा उभी राहते. ती मुळातच तिथे होती.

याचे सर्वांत भव्य उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडलेले आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे स्कियापारेली नावाचे यान मंगळावर उतरत होते. त्याचा प्रक्षेपक त्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या यानासाठी होता. पृथ्वीवर ऐकू यावा इतका तो बलवान नव्हताच. तरीही खोडदच्या तबकड्या मंगळाकडे वळल्या आणि सुमारे दहा मिनिटांचा प्रवास करून आलेली ती वाहक लहर पडद्यावर एका बारीक रेषेच्या रूपाने उमटली. त्या रेषेतून यान काय सांगते आहे हे कळत नव्हते. फक्त ते आहे आणि त्याचा वेग बदलतो आहे, एवढे कळत होते. उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी रेषा थांबली.

रेषा गेली म्हणजे यान गेले काय? त्या दिवशी शास्त्रज्ञांनी तसे जाहीर केले नाही. दुसऱ्या यानाने टिपलेल्या नोंदी तपासल्या गेल्या, मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने उतरण्याच्या जागेचे छायाचित्र घेतले, आणि मगच यान आदळून नष्ट झाल्याचे सांगण्यात आले. चौकशीत कारणही कळले. यानाच्या गती मोजणाऱ्या उपकरणाची मर्यादा क्षणभर ओलांडली गेली, आणि आपण जमिनीच्याही खाली पोहोचलो आहोत असा हिशेब यानातल्या संगणकाने मांडला. त्यामुळे हवेत असतानाच छत्री सुटली. इथे 'नाही' हे उत्तर खरे निघाले. ते खरे म्हणण्याचा अधिकार मात्र त्यांनी तपासातून मिळवला होता.

आता कोणी म्हणेल, की गुरुजी, अशाने खरखरीत जागोजागी रेषा दिसू लागतील. जो 'असेलच' म्हणून बघतो त्याला नसलेलेही दिसते. आक्षेप रास्त आहे, आणि योगायोग असा की त्या यानाच्या नावातच त्याचा दाखला आहे. जिओव्हानी स्कियापारेली हे इटलीचे ज्योतिर्विद. १८७७ साली त्यांनी दुर्बिणीतून मंगळावर सरळ रेषांचे जाळे पाहिले. पुढे इतरांनी त्यांना कालवे ठरवले आणि ते खोदणारे प्रगत मंगळवासीही कल्पिले. त्या रेषा डोळ्यांचा भास होता.

म्हणून रेडिओच्या पडद्यावरही प्रत्येक रेषेची परीक्षा घ्यावी लागते, आणि परीक्षा सोप्या आहेत. अँटेना काढून टाका. तरीही जी रेषा राहते ती बाहेरची नाही, आपल्याच यंत्रातली. काही यंत्रांत तर पडद्याच्या अगदी मधोमध एक ठळक सुळका कायम उभा असतो. तो कोणत्याही केंद्राचा नसतो, यंत्राचा स्वतःचा असतो. पाहणाऱ्याचा 'मी' चित्राच्या मध्यभागी असा सुळक्यासारखा उभा असतो, हे पाहून मला हसू आले आणि थोडे अंतर्मुखही व्हावे लागले. दुसरी परीक्षा, खिडकी थोडी बाजूला सरकवा. खरे केंद्र आपल्या वारंवारतेवर ठाम राहते, आरशातले प्रतिबिंब भलतीकडे पळते. सांगायचे इतकेच, की 'आहे' म्हणायला जसा पुरावा लागतो तसाच 'नाही' म्हणायलाही लागतो. आपल्या व्यवहारात मात्र 'आहे' म्हणणाऱ्याकडे पुरावा मागतात आणि 'नाही' म्हणणारा फुकट सुटतो.

हा विषय मी सीमेवरच्या वाचकांपुढे का मांडतो आहे, ते आता सांगतो. दोन भाषांच्या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणा सर्वांना 'इथे मराठी नाही' हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातल्या एका वस्तीत पालकांना कोणते माध्यम हवे याची पाहणी झाली. माणसे आली ती कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता. यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी असते. घरातले कर्ते पुरुष कामावर, बायका साडीच्या कामात, आणि हातात दिलेला कागद त्यांना न वाचता येणाऱ्या लिपीत. निष्कर्ष निघाला, मराठीला मागणी नाही. आमचे दोन शिक्षक सुटीच्या दिवशी त्याच गल्लीत गेले, ओट्यावर बसले, चहा घेतला. बोलणे अहिराणीत सुरू झाले आणि एका वर्गापुरती मुले त्या गल्लीतून निघाली.

आणि हेही सांगितले पाहिजे, की दुसऱ्या एका वस्तीत तेच शिक्षक तीनदा गेले, तितक्याच आपुलकीने बसले, आणि हात हलवत परत आले. तिथल्या आईबापांना मुलांसाठी इंग्रजी माध्यमच हवे होते. त्यांनी ते आदराने, चहा पाजून सांगितले. आम्ही ते मान्य केले. पहिल्या 'नाही'मध्ये आणि या 'नाही'मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले पाहणाऱ्याच्या घाईचे होते, दुसरे ऐकून मिळालेले होते. अप्रिय असले तरी ते ज्ञान होते.

घरातही हेच चालते. खानदेशातून आलेल्या आमच्या घरांतले मूल आजीशी अहिराणीत बोलते, शाळेत प्रमाण मराठीत, बाजारात गुजरातीत आणि कारखान्याच्या दारात हिंदीत. प्रवेशाच्या अर्जावर मातृभाषेसाठी एकच रेघ असते. त्या रेघेवर जे मावत नाही ते नाहीच, असे मानण्याची सवय परक्यांना लागते, तशी आपल्यालाही लागते. गणेशोत्सवातली भाषणे आणि मंडळाचे स्नेहसंमेलन या आपल्या भाषेच्या ठळक टेकड्या. त्या दूरवरून दिसतात आणि त्यावरून आपण भाषेची तब्येत ठरवतो. पण आजी नातवाला जेवायला हाक मारते, त्या हाकेची रेषा फार बारीक असते. ती मोजायला कोणी येत नाही. खुद्द आपणही आपल्या पोरांना प्रमाण मराठी यावी म्हणून रंगाची कळ वर सरकवतो, चित्र स्वच्छ करतो, आणि अहिराणी निळ्यात बुडते.

वर्गातल्या गप्प मुलाची गोष्ट वेगळी नाही. ''ह्याच्या डोक्यात काहीच नाही'' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याला पाठ्यपुस्तकात जागा द्यायला हरकत नाही. पस्तीस मिनिटांचा तास, साठ मुले. एकेका मुलाच्या वाट्याला अर्धा मिनिट येते. अर्ध्या मिनिटाच्या नमुन्यावरून जाडेभरडे चित्र निघणारच. त्यात पुढच्या बाकावरची दोन बलवान केंद्रे सतत हात वर करून असतात, आणि शिक्षकाची ग्रहणशक्ती त्यांच्या बेताने ठरते. शिक्षकाचा दोष दरवेळी असतोच असे नाही. पण ज्याला वेळ देणे जमले नाही त्याने निदान निर्णय देऊ नये. 'मला दिसले नाही' आणि 'तिथे नाही' या दोन वाक्यांतले अंतर राखणे, एवढा प्रामाणिकपणा तर कोणालाही परवडतो.

या पडद्याची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. तो कोण आहे, कुठे आहे, किती जोरात आहे हे दाखवतो. काय म्हणतो आहे ते दाखवत नाही. त्यासाठी त्या रेषेवर जाऊन ऐकावे लागते. समर्थांनी दासबोधात नवविधा भक्तीचे विवेचन श्रवणापासून सुरू केले आहे, आणि उपनिषदांनीही मनन व निदिध्यासन यांच्या आधी श्रवणच सांगितले. संपूर्ण पट्टा एका दृष्टिक्षेपात पाहण्याची सोय झाल्यामुळे कशावरही न थांबण्याची सवय लागू शकते. पूर्वी काटा फिरवताना एका वेळी एकच केंद्र मिळे, म्हणून माणूस त्याच्यापाशी मुक्काम करी. आज शंभर रेषा समोर वाहत असतात आणि आपण नुसते काठावर बसून असतो.

तेव्हा यंत्र वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. उलट, कानाला जे कधीच कळले नसते ते या चित्राने दाखवले: खरखर ही पोकळी नसते, आणि तिची उंची काही अंशी पाहणाऱ्याच्या धीरावर ठरते. एवढे ज्याला उमगले त्याच्यावर एक ऋण चढते. कोणाबद्दलही, मग ती भाषा असो, मूल असो की शेजारचे घर, 'नाही' हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्याने आपली खिडकी, आपले रंग, आपल्या घरचा गोंगाट आणि आपली घाई एकदा तपासून पाहावी. ती तपासणी झाल्यावरही समोर काही उमटले नाही, तर खुशाल 'नाही' म्हणावे. तोवर 'अजून दिसलेले नाही' एवढेच म्हणावे, आणि अँटेना थोडी उंच करावी.